विकायच्या गाडीला नवं तेल

गाडीच्या मागच्या चाकांमध्ये जे तेल असतं त्याला हिंगाचा वास येतो. चांगल्या हिंगाचा नव्हे, डबीचं झाकण उघडं राहून बिघडलेल्या हिंगाचा, आणि त्यात कुजका लसूण मिसळलेला. ही माहिती माझ्या काही उपयोगाची नाही, पण नवरा जे जे करतो त्याची माहिती बायकोला होतेच, मागितलेली असो की नसो. आमची ती उंच, करड्या रंगाची मोठी गाडी घरात आली तेव्हापासून आमचे हे अधूनमधून एखाद्या सुट्टीला तिच्याखाली आडवे व्हायचे आणि संध्याकाळी तो वास अंगाला लावून जेवायला बसायचे. मी ताट सरकवायचे आणि म्हणायचे, आज आमटीत हिंग घातला नाही, तुमच्या अंगाचाच पुरेल.

त्या यंत्राचं नाव डिफ्रन्शियल. आमच्याकडं सगळे डिफ्रन्शन म्हणतात. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, गाडीच्या पोटाखाली, एक लोखंडी भोपळा असतो. त्याच्या आत दात्यांची चाकं तेलात बुडून फिरतात आणि इंजिनाचा जोर दोन्ही बाजूंना वाटून देतात. वळणावर एका चाकाला जास्त पळावं लागतं, दुसऱ्याला कमी. ते भांडण हा भोपळा आतल्या आत मिटवतो. हे मला ह्यांनीच समजावून सांगितलं होतं, पैठणला जाताना, बिडकीनच्या पुढच्या वळणावर. मी म्हणाले, म्हणजे आपल्या घरात मी. ते हसले नाहीत, कारण त्यांना ते पटलं होतं.

गाडी मला कधी फारशी आवडली नाही. एक तर ती उंच. साडी सावरून तिच्यात चढायचं म्हणजे कुणाच्या तरी पडवीवर चढल्यासारखं व्हायचं, आणि माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरणारे. ह्यांनी एका रविवारी कुठूनतरी लोखंडी पट्टी आणली, वेल्डिंग करून घेतलं आणि माझ्या बाजूच्या दाराखाली एक पायरी बसवली. वर रबर चिकटवलं, पाय घसरू नये म्हणून. मी आभार मानले नाहीत, म्हटलं, इतक्या उंच वस्तूशी लग्न लावलं की पायरी बसवावीच लागते. दुसरं म्हणजे सासऱ्यांच्या कळपातलं पाय मोडलेलं एक कोकरू ह्यांनी एकदा मागच्या सीटवरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं. तो वास पुढं कितीही धुतलं तरी पावसाळ्यात परत यायचा. कोकरू बरं झालं, सीट नाही झाली.

मागच्या दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं की काचबिंदूनं बाजूची नजर गेली आहे. ती परत येत नाही. समोरचं दिसतंय तेवढं जपायचं, थेंब वेळेवर घालायचे, आणि गाडी आजपासून बंद. ह्यांनी मान हलवली. बाहेर येऊन गाडीपाशी गेले, किल्ली हातात धरून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "रिक्षा बघ." गाडी दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाऊजींनी आणून दिली.

त्या दिवसापासून माणूस गप्प झाला. थेंब स्वतःच घालायचे, मला हात लावू देत नव्हते. त्यातले अर्धे गालावरून कानात. मला गाडी येत नाही. ह्यांनी शिकवायला दोनदा सुरुवात केली होती आणि दोन्ही वेळा आमचं लग्न मोडता मोडता राहिलं. मुलगी पुण्यात, तिच्याकडं गाडी उभी करायला जागा नाही. तेव्हा विकायची ठरली. खोटं कशाला सांगू, मला गाडीचं दुःख नव्हतं. मला भीती होती ती ह्यांची. चिकलठाण्याच्या कारखान्यात सगळी नोकरी मशीनवर काढलेला माणूस, हे मला जमत नाही असं आयुष्यात कुणाला म्हणाला नव्हता. तो जर मान खाली घालून, चोरासारखी गाडी देऊन मोकळा झाला असता, तर पुढं खुर्चीतून उठलाच नसता. हे माझ्या मनानं घेतलं होतं आणि माझ्या मनानं एकदा घेतलं की ते सोडत नाही.

गिऱ्हाईक मिळालं खुलताबादकडचं, पेरूची बाग असलेला एक तरुण शेतकरी. रविवारी सकाळी येतो म्हणाला. फोन ठेवून हे म्हणाले, "ती मागनं आवाज करती, घुमती. तेल बदलावं लागंल."

"विकायचीच आहे तर आता कशाला?" मी म्हणाले.

"विकायचीय म्हणून तर."

हे वाक्य कुठून आलं ते मला माहीत होतं. ह्यांचं घर मूळचं मेंढरांचं, पैठणच्या बाजूचं. सासरे, म्हणजे ह्यांचे आबा, जनावर विकायला काढायचे तेव्हा आधी त्याला चांगलं चारायचे, खूर साफ करायचे, आणि ते खोकत असलं तर तो बाजार सरळ चुकवायचे. म्हणायचे, "दुसऱ्याच्या दारी जायचं तर धडधाकट जाऊ दे, नायतर तिथं आपल्या नावानं खोकंल." आणि विकलेल्या जनावराचं दावं ते कधी देत नसत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, देणाऱ्यानं आपलं सोडून घरी न्यायचं, ही तिकडची रीत. बिऱ्हाड वाहायचं तट्टू विकून आले तेव्हाही दावं खांद्यावर टाकून आले आणि खुंटीला अडकवून ठेवलं. त्या दाव्यानं पुढं घरात दुसरं काही बांधलं गेलं नाही.

मी ह्यांना चेष्टेनं विचारलं, "मग तुम्ही गाडीचं दावं कुठलं ठेवणार?"

"लोखंडाला कसलं आलंय दावं," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन तेल आणायला गेले.

तो शुक्रवार होता. शनिवारी तेल आणि लोखंड विकत आणायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. सासूबाई गेल्या, नियम राहिला. आदल्या दिवशी आणून ठेवलेलं तेल शनिवारी वापरायला मात्र शनिदेवाची हरकत नसते, असा त्याचा आमच्याकडचा अर्थ आहे.

शनिवारी सकाळी गाडी आधी फिरवून आणायची होती. तेल गरम असलं की पातळ होतं आणि गाळासकट उतरतं. भाऊजींना बोलावलं. हे भाऊजी ह्यांच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, आमची भिंत एकच. त्यांनी गाडी चालवायला घेतली, मी मागं बसले आणि हे पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत डावीकडं बसले. विमानतळापुढून जालना रोडनं करमाडच्या दिशेनं थोडं गेलो आणि परतलो. सगळ्या वाटेत ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता, जिथं ब्रेक नव्हता. भाऊजींनी ते पाहिलं आणि गाडी आणखी हळू घेतली.

भाऊजी आंघोळीला घरी गेले. ह्यांनी चाकांना विटा लावल्या, गोणपाट अंथरलं, खाली घमेलं सरकवलं आणि स्वतः गाडीखाली शिरले. मी घराच्या पायरीवर मेथी निवडत बसले. मला बसायची गरज नव्हती, मेथी आतही निवडता आली असती. पण त्या दिवसांत मी ह्यांना फार वेळ नजरेआड करत नव्हते.

भोपळ्याला दोन नट असतात. एक तळाशी, त्यातून जुनं तेल सोडायचं. दुसरा वर, अंगावर, त्यातून नवं भरायचं. ह्यांनी खालचा सोडला. काळंभोर तेल घमेल्यात आलं आणि अंगणभर हिंग झाला. खालच्या नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं. आतली चाकं झिजून जे काही पडतं ते त्याला चिकटतं. हे बाहेर आले तेव्हा त्यावर राखाडी चिखलाचा गोळा होता. त्यांनी तो बोटांत चोळून बघितला, उन्हाकडं धरून मान वळवून वळवून पाहिला.

"तुकडा नाय एक पण," म्हणाले. "नुसती राख हाय. दाते शाबूत हायत."

किती दिवसांनी त्या आवाजात जीव होता. सासरे बाजारात गिऱ्हाइकापुढं मेंढीचा जबडा उघडून धरायचे तेव्हा त्यांच्या तोंडावर जे असायचं, तेच ह्यांच्या तोंडावर होतं. राख त्यांनी वर्तमानपत्राच्या कपट्यावर पुसून ठेवली, नट पुसला, परत गाडीखाली जाऊन जागी बसवला आणि वरच्याकडं वळले. मी मेथी निवडत राहिले. मला वाटलं, झालं, निभावलं.

मग एक आवाज आला. खट्ट. पाना निसटून लोखंडावर आपटल्याचा. नंतर काहीच नाही. गाडीखालून ह्यांचे दोन पाय दिसत होते, ते हलेनात.

"काय झालं?"

"वरचा सुटंना."

"जोर लावा."

"लावला. कडा गोल झाल्या."

ते बाहेर आले आणि चाकाला पाठ लावून बसले. यातली गोम माझ्यासारखीलाही कळते. भरायचा नट आधी सोडून बघायचा, तो सुटला तरच खालचा उघडायचा. नाहीतर आतलं तेल गेलं आणि नवं घालायला वाटच नाही, अशी गत होते; मग गाडी हलवायचीसुद्धा सोय नाही, कोरडे दाते एकमेकांना खाऊन टाकतात. हे मला शिकवलं कुणी, तर ह्यांनीच. कॉलनीत दोघातिघांना शिकवलं होतं.

"तुम्हीच तर सांगता, वरचा आधी," मी म्हणाले.

"व्हय."

"मग?"

ते हातावरचं तेल बघत राहिले. "मेंढरांना औषध पाजायचं तर आधी पोट रिकामं करायचं," म्हणाले. "आबा कोंडून उपाशी ठेवायचे, मग पाजायचे. आठवडाभर माझ्या डोक्यात तेच चाललंय. हात जनावराकडं गेला माझा."

एरवी ही चूक मी महिनाभर ह्यांच्या ताटात वाढली असती. जन्मभर यंत्रांत राहिलेला माणूस आणि गाडीला जंताचं औषध पाजायला निघाला. पण ते पुढं बोलले.

"आणि दिसलं पण नाय मला. पाना पुरा बसला असं वाटलं. नव्हता बसला."

डॉक्टरकडून आल्यापासून 'दिसलं नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. घराच्या चौकटीला खांदा आपटला तरी ते चौकटीला नाव ठेवायचे.

"उद्या त्या पोराला काय सांगू?" म्हणाले. "आंधळ्यानं उघडून ठेवलीय, टो करून ने?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते, हा माझा जन्मजात दोष आहे. मी मेथीची परात बाजूला आपटली. म्हटलं, "आंधळ्यानं नाही, घाईत असलेल्यानं उघडलीय. डोळस माणसं काय कमी नट खराब करतात? उठा, हात धुवा, चहा घ्या. रडायचं असेल तर गाडी गेल्यावर रडा, आपण दोघं बसून रडू." एवढं मोठ्यानं बोलले की भिंतीपलीकडून भाऊजी ओलं डोकं पुसत आले.

त्यांनी खाली वाकून पाहिलं. म्हणाले, छन्नी नटाच्या कडेला लावून हळूहळू ठोकली तर फिरेल, पण मग तो नट कामातून जाईल, नवा लागेल.

"मोंढा नाक्याला मिळंल," हे म्हणाले आणि थांबले. "पण आज शनिवार."

नट म्हणजे लोखंड. अडचण खरीच होती. भाऊजींचं घर बौद्ध, त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतलेली. तेव्हापासून शनी, मंगळ, मुहूर्त हे सगळं त्यांच्या उंबऱ्याबाहेर. ते टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, "भाऊ, तुमचा शनी आमच्या दारात येत नाय. लई वर्षं झाली त्याला रजा देऊन. नट मी आणतो. तुम्ही माझ्याकडून उद्या घ्या."

"बसवायचा आज आहे."

"मग आज उसना घ्या."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी सासूबाईंच्या वतीनं निकाल दिला. शनिवारी साखर उसनी आणतो, विरजण उसनं आणतो, तर नट उसना आणायला काही हरकत नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी मला फाडून खाल्लं असतं, पण त्या नव्हत्या आणि गाडी कोरडी होती.

भाऊजींनी स्कूटर काढली तेव्हा मी हाक मारली, "दोन आणा हो. वरचा आणि खालचा."

"खालचा चांगलाय की," हे म्हणाले.

"एक नवा आणि एक जुना दिसला की घेणाऱ्याला शंका येते," मी म्हणाले. भाऊजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि गेले.

ते येईपर्यंत जुना नट सोडवून ठेवायचा होता. ह्यांनी छन्नी-हातोडी घेतली आणि तशीच धरून बसले. मी पदर कमरेला खोचला, मोबाईलची बॅटरी लावली आणि गोणपाटावर पाठ टेकून गाडीखाली शिरले. माझ्या गुडघ्यांनी जे शब्द वापरले ते इथं लिहीत नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं हे आले. एवढ्या वर्षांच्या संसारात गाडीखाली आम्ही दोघं पहिल्यांदाच होतो. वर सगळं काळं, तेलकट, वाळक्या चिखलाचे पापुद्रे लोंबत होते आणि त्यातला एक माझ्या तोंडात पडला.

"छन्नी कुठं बसलीय?" त्यांनी विचारलं.

"नटाच्या बाजूला. नटावर नाहीच."

मी त्यांचं मनगट धरलं आणि छन्नीचं टोक नटाच्या कडेला नेऊन टेकवलं. "इथं. आता मला लागू देऊ नका."

पहिला घाव छन्नीवर बसला, दुसरा त्यांच्या अंगठ्यावर. मी म्हणाले, आणा इकडं, मी मारते. ते म्हणाले, "नको. तू डोळा, मी हात." मग मी सांगत गेले आणि ते ठोकत गेले. जरा वर. आता तिरकं झालं. हां, इथंच. अंगठ्यातनं थोडं रक्त येत होतं ते त्यांना दिसत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. किती घाव घातले कोण जाणे. एका घावाला नटाभोवतीच्या धुळीत केसाएवढी फट पडली.

"हलला," मी म्हणाले.

"खरंच? माझं मन राखायला नको सांगू."

मी त्यांचं बोट धरून त्या फटीवर ठेवलं. ते बोट तिथं जरा वेळ राहिलं. मग त्यांनी दोन घाव आणखी घातले आणि पुढं नट हातानं फिरायला लागला. आम्ही दोघंही लगेच बाहेर आलो नाही. काम संपलं होतं तरी तसेच पडून राहिलो, गाडीच्या पोटाखाली, त्या घाणेरड्या वासात. मला तो माणूस त्या वेळी इतका आवडला की सांगायची सोय नाही, आणि मी सांगितलंही नाही. म्हणाले, अंगठ्याला हळद लावा.

भाऊजी नवे नट घेऊन आले. खालचा नवा त्यांनी नीट आवळला. नव्या तेलाचे डबे मी गरम पाण्याच्या बादलीत ठेवले होते, कारण ते तेल थंडीत काकवीसारखं घट्ट होतं. वरच्या भोकाला नळी लावली, नळीच्या दुसऱ्या टोकाला नरसाळं, आणि मी चाकाशेजारी उभी राहून ओतायला लागले. हे खाली भोकाशी बोट लावून पडले. भोकाच्या काठापर्यंत तेल आलं की ते बाहेर वाहतं, तेवढंच भरायचं असतं. ते बघायला नजर लागत नाही.

"ओत," खालून आवाज येत होता. "ओत. अजून ओत." आणि मग, "थांब. वाहायला लागलं. पुरे."

वरचा नवा नट बसवून बाहेर आले तेव्हा कोपरापर्यंत तेलानं माखलेले आणि हसत होते. "पाजली," म्हणाले. मला म्हणाले, जुने दोन्ही नट भंगाराच्या डब्यात टाक. मी बरं म्हणाले.

संध्याकाळी भाऊजींनी गाडी परत फिरवून आणली. मागचं घुमणं कमी झालं होतं, गेलं नव्हतं. ह्यांनी काच खाली करून सगळी वाट ते ऐकलं. म्हणाले, आता वयाचं जेवढं आहे तेवढं राहणारच.

रविवारी तो पेरूवाला आला, बरोबर त्याची आई. त्यानं गाडी कॉलनीभर फिरवली, उतरला आणि मागच्या चाकाकडं बघत विचारलं, "चाचा, पीछे से जरासी आवाज है क्या?"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. त्या मायलेकरांसाठी पेल्यात पाणी भरत होते. एक 'नाही' म्हटलं असतं तर चाललं असतं, तो पोरगा फार खोलात जाणारा दिसत नव्हता.

"है," हे म्हणाले. "पहले जादा थी. कल तेल बदला." त्यांनी जुन्या तेलाचा डबा उघडून दाखवला. वर्तमानपत्रावरची राख दाखवली, बोटांत चोळून दाखवली. "टुकडा एक भी नहीं. दाते अच्छे हैं." आणि मग, विचारलेलं नसताना, ताठ उभं राहून, म्हणाले, "उपर का नट मेरे हाथ से खराब हुआ. मेरेको आजू-बाजू का दिखता नहीं अब. नया डाला है. इसके वास्तेच गाडी बेच रहा हूं, गाडी में खोट नहीं."

पोरानं राखेचा कपटा हातात घेतला. "इत्ता तो कोई नहीं बताता, चाचा," म्हणाला.

मी पेला खाली ठेवला. माझी भीती तिथं, त्या खिडकीत, उतरली. आंधळा हा शब्द काल त्यांनी चाकाला टेकून, तोंड लपवून म्हटला होता. आज तीच गोष्ट त्यांनी उभ्यानं सांगितली होती, अनोळखी माणसाला, आपल्या अंगणात.

पोराच्या आईनं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि वर जाऊन बसली. "ये पायरी भोत अच्छी है," ती म्हणाली. "किन्ने लगाई?" ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. "इनके घुटनों के वास्ते." ती बाई माझ्याकडं बघून हसली. मी पण हसले, पण तेवढी एक पायरी मला द्यावीशी वाटत नव्हती. गाडी मला आवडत नव्हती असं मी वर लिहिलं आहे. ते तसंच राहू दे.

ह्यांनी सगळं दिलं. किल्ल्या, जॅक, पाने, उरलेलं तेल, नळीसुद्धा. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. गाडीच्या मागच्या अंगावर एकदा तळवा टेकवला आणि बाजूला झाले. गाडी कॉलनीच्या कोपऱ्यावर वळली. बाजूचं दिसत नसल्यामुळं ती त्यांच्या नजरेतून माझ्या आधी गेली. मला ती अजून दिसत होती, तेव्हा ते आत निघाले होते.

सोमवारी सकाळी ते थेंबांची बाटली काढायला फ्रिजपाशी गेले. फ्रिजच्या दारावर डॉक्टरांची चिठ्ठी लावलेली होती. ती नेहमी पडायची, आज घट्ट होती. त्यांनी हात फिरवला आणि चिठ्ठीवरचा जड लोखंडी तुकडा त्यांच्या हाताला लागला. तो ओढून काढला, उलटा केला, चुंबकावर अंगठा फिरवला. मी तो शनिवारीच साबणानं दोनदा धुतला होता. तरी त्यांनी तो नाकाशी नेला.

"खालचा नट," म्हणाले.

"हो."

"लोखंडाला दावं नसतं, म्हणालो होतो मी."

"तुम्ही म्हणाला होता," मी म्हणाले. "मी कुठं म्हणाले?"

त्यांनी तो परत चिठ्ठीवर लावला, हातानं चाचपून, सरळ. मग बाटली माझ्या हातात दिली, खुर्चीत बसले आणि मान मागं टाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मी त्यांची पापणी वर धरली आणि बाटली नेम धरून डोळ्यावर आणली.

"थांब," ते म्हणाले. "वाहायला लागलं. पुरे."

मी थेंब अजून घातलाच नव्हता.